जुने घर विकण्यापूर्वी

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. राहते घर विकणे ही आपल्या समजुतीप्रमाणे काहीशी उणेपणाची गोष्ट. तिच्याविषयी चारचौघांत बोलणेही नको वाटते. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, कोठेही जा, आपल्या मराठी वस्तीत कुलूप लागलेली घरे दिसतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी स्थायिक झालेली असतात. वडील गेलेले असतात, आई कोणा एकाकडे राहावयास गेलेली असते. आणि घर मात्र वर्षानुवर्षे तसेच उभे असते. कधीतरी ते विकावयाचे ठरते. हे विकणे शहाणपणाने आणि सचोटीने कसे करावे, याविषयी आज चार शब्द बोलावेत असे योजिले आहे. मी स्थापत्यशास्त्राचा जाणकार नाही की वकील नाही. आमच्यावर तो प्रसंग आला, त्यातून जे शिकलो तेवढेच सांगणार आहे.

वडिलांनी बडोद्यात विश्वामित्रीच्या बाजूला बांधलेले आमचे घर. नऊ इंच जाडीच्या विटांच्या भिंती, पुढे व्हरांडा, मागे अंगण, माडीवर दोन खोल्या आणि त्यांवर मंगलोरी कौले. २०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यात पूर आला तो आपणांस आठवतच असेल. नदीतल्या मगरी लोकवस्तीत शिरल्याच्या बातम्या तेव्हा देशभर गेल्या. आमच्या अंगणात मगर आली नाही. पाणी मात्र आले आणि माजघरात उभे राहिले. ओसरल्यावर त्याने भिंतीवर एक मातकट रेघ मागे ठेवली. दिवाळीनंतर आम्ही तिघे भावंडे जमलो आणि घर विकावयाचे ठरले.

दादाने मनात सगळा आराखडा आणला होता. खाली नव्या फरश्या घालाव्यात, स्वयंपाकघर मोडून नव्या धर्तीचे करावे, दर्शनी भिंतीला झगझगीत रंग द्यावा. "गिऱ्हाईक रंगाला भुलते," असे तो म्हणाला. ताईने एवढेच विचारले, "आणि त्या रेघेचे काय?" त्यावर दादा म्हणाला, "रंगाखाली जाईल." त्या दिवशी तो विषय तेथेच थांबला.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा: आपण विकतो आहोत ते घर की जमीन? शहराच्या मध्यवस्तीत घेणाऱ्याच्या मनात पुष्कळदा जुने पाडून नवे बांधावयाचे असते. तसे असेल तर नव्या फरशीवर घातलेला पैसा त्याच फरशीबरोबर फुटून जातो. आणि घेणारा घरात राहणारा असेल, तरी त्याचे स्वयंपाकघर आपल्या आवडीचे का असावे? त्याच्या घरची उभे राहून रांधण्याची पद्धत, त्याच्या ओट्याची उंची, त्याची आवड ही त्याची असते. तेव्हा विकण्याच्या तोंडावर मोठे फेरबदल करू नयेत. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. जुन्या घरात छपराचा किंवा माडीचा भार पुष्कळदा याच भिंतींवर असतो.

मग करावे काय? आमच्या अनुभवाने क्रम असा लागतो: आधी पाणी, मग सुरक्षितता, मग स्वच्छता, आणि शोभा सर्वांच्या शेवटी.

पाण्यापासून आरंभ करावा, कारण जुन्या घराचा खरा वैरी तेच. छपरावर माणूस चढवून फुटकी आणि सरकलेली कौले बदलावीत. पन्हळीतला पालापाचोळा काढावा. पावसाचे पाणी जोत्याशी न साचता बाहेर जाईल असा उतार करावा. ही कामे थोड्या खर्चात होतात. भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, तो लोणा होय. भिंतीत चढणाऱ्या ओलीबरोबर आलेले क्षार ओल सुकताच पृष्ठभागावर उरतात. तो कोरड्या कुंच्याने झाडून काढावा. धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

येथे एक चूक सर्रास होते. जुन्या विटांची भिंत, चुन्याचा किंवा मातीचा सांधा, आणि वर ओल झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा! चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो. कोंडलेली ओल मग आणखी वर चढते किंवा पलीकडच्या अंगाने फुटते, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग मानवतो. चुना हवेतला कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. म्हणून त्या कामाला अवधी द्यावा लागतो, आणि विकण्याची घाई झालेल्या माणसाजवळ नसतो तो नेमका अवधीच.

पुराचे पाणी शिरलेल्या घराला तर अधिकच धीर हवा. भिजलेला गिलावा पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत खरवडून काढावा, दारेखिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात आणि भिंतीला वाळू द्यावे. एक इंच जाडीला सुमारे एक महिना, असा ढोबळ हिशेब जाणते सांगतात. आमची भिंत नऊ इंचांची. वाळली की नाही ते पाहण्याची साधी रीत अशी: हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. त्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये.

नंतर लाकूड. तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते, तेच प्रथम कुजते, कारण तेथे हवा लागत नाही. हातोडीने ठोकून पाहावे. घट्ट आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर टोचा लावून पाहावा. टोचा सहज आत शिरला की ते टोक गेले असे समजावे. भिंतीवरून छताकडे जाणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी लागली आहे. नळी नुसती पुसून टाकली म्हणजे वाळवी गेली, असे मुळीच नाही.

ज्यांचे जुने वाडे आहेत त्यांना आणखी एक सांगणे आहे. नक्षीचे खांब, महिरपी, दारे ही आधी वेगळी काढून विकावीत आणि मग उरलेला वाडा विकावा, असा सल्ला देणारे भेटतात. परंतु ते खांब शोभेसाठी उभे नसतात. माडी त्यांनी तोलून धरलेली असते. आणि अखंड वाड्याला मोल देणारे लोक आता मुळीच नाहीत, असेही नाही. २०१७ साली अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला, तो अशाच लाकडी घरांच्या पोळांमुळे. बडोद्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्याने राखला आहे. त्याच्या भिंतींवरची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

सुरक्षिततेत विजेचा क्रम पहिला. जुन्या तारांवरचे वेष्टण वाळून तडकलेले असते. भूसंपर्काची तार कित्येक घरांत असतच नाही. परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करून घ्यावी आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ बसवून घ्यावी. जेथे पाणी चढते तेथे खालची बटणे आणि खटके रेघेच्या वर न्यावेत. नळांची परीक्षा सोपी आहे. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल, तर कोठेतरी गळती आहे. पुराचे पाणी गेलेली जमिनीतली टाकी उपसून, घासून, निर्जंतुक केल्यावाचून वापरावयास देऊ नये.

एवढे झाले म्हणजे घर झाडून, अडगळ काढून, खिडक्यांच्या काचा पुसून उजेड आत येऊ द्यावा आणि साधा फिका रंग द्यावा. घर दाखविण्यापुरती शोभा तेवढ्यात येते. अडगळ काढताना माळ्यावरची जुनी मोडी कागदपत्रे रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणाऱ्यास ती दाखवून घ्यावीत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांवर उभे आहे.

घराची डागडुजी करतो, तशी कागदांचीही करावयास हवी. कित्येकदा भिंती मजबूत असतात आणि व्यवहार मोडतो तो वारसांच्या सहीवाचून. बहिणींचा हक्क अजूनही काही घरांत विसरला जातो. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांना सारखा वाटा दिला आहे. वडिलार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा "ताई काय, सही करील," असे गृहीत धरू नये. ताईला आधी विचारावे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव असेल, तर वारसांची नोंद वेळीच करून घ्यावी. बडोद्यासारख्या शहरात गुजरातच्या १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली जे विभाग अधिसूचित आहेत, तेथे विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घरात भाडेकरू असेल तर मालक बदलला म्हणून त्याचा हक्क जात नाही, हेही घेणाऱ्यास सांगावे. खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण रंगरंगोटीचा खर्च आणि घरात कायमची भर घालणारी सुधारणा यांत आयकराचे नियम भेद करतात.

आता त्या रेघेकडे येतो. भिंत खरवडावयास जो म्हातारा मिस्त्री आला, त्याला दादाने विचारले, ही खूण पुन्हा दिसणार तर नाही? तो म्हणाला, "साहेब, रंग करशो तो नहीं देखाय. पण पाणी एनो रस्तो भूलतुं नथी." दादा गप्प झाला. तो काही लबाड माणूस नव्हे. त्याच्यावर कर्ज होते, आणि घराच्या किमतीतून ते फिटेल असा त्याचा हिशेब होता. पुराचे नाव काढले की भाव उतरणार, हे आम्हां तिघांनाही दिसत होते.

मी कायद्याचे पुस्तक उघडले. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आजही चालू आहे. त्याचे पंचावन्नावे कलम सांगते की, मिळकतीतला किंवा तिच्या हक्कातला जो मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, आणि घेणाऱ्यास ठाऊक नाही व साधारण काळजी घेऊनही समजण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. न सांगणे हे त्या कलमाने कपटच मानले आहे. मी ते दादाला वाचून दाखविले. परंतु खरे सांगावयाचे तर, कलमाने त्याचे मन वळले नाही. ताई म्हणाली, "पूर आला तेव्हा हे घर रिकामे होते. उद्या येथे कोणाची तरी आई एकटी असेल. रात्री पाणी किती चढते हे तिला कोणी सांगायचे?" दादा बराच वेळ अंगणाकडे पाहत बसला. मग उठून त्याने फीत आणली आणि रेघ जोत्यापासून किती उंच आहे ते स्वतः मोजले.

भिंत वाळेपर्यंत आम्ही थांबलो. नंतर चुन्याचा गिलावा केला, रंग दिला आणि ती रेघ दिसेनाशी झाली. परंतु येणाऱ्या प्रत्येकास पाण्याची उंची सांगितली. पहिले दोघे पुन्हा आले नाहीत. तिसऱ्याने घर घेतले. भाव अर्थात उतरवून घेतला. साठेखतात, ज्यास येथे बानाखत म्हणतात, पुराचे वर्ष आणि पाण्याची उंची आम्ही लिहून दिली. घेणाऱ्याने ते वाचले आणि आपली झोपण्याची खोली माडीवर करावयाचे तेथेच ठरविले. उतरलेल्या भावाची झळ दादाला अधिक लागली, हे मी लपवीत नाही. त्याचे कर्ज सगळे फिटले नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी या वाटेवर असतील, तर त्यांनी आधी छप्पर पाहावे, मग तारा पाहाव्यात, मग भावंडांना एकत्र बसवावे आणि रंगाऱ्याला सर्वांत शेवटी बोलवावे. किल्ल्या देण्याच्या दिवशी पाण्याची मुख्य कळ कोठे आहे, कोणती खिडकी पावसात फुगते, कोणत्या कोपऱ्यात ओल येते, हेही एका कागदावर लिहून द्यावे. आम्ही दिलेला तो कागद दादाच्याच हातचा होता. त्यात पहिली ओळ पुराची होती.