धूमकेतू, उल्का आणि आपला कॅमेरा



धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्यातल्या बर्फाची वाफ होते आणि धूळ त्याच्या वाटेवर पसरते. पृथ्वी ती वाट ओलांडते तेव्हा आपल्याला उल्का दिसतात. नाते इतके जवळचे, पण कॅमेऱ्यासमोर दोघांची तऱ्हा अगदी निराळी.

धूमकेतू ताऱ्यांमधून सावकाश सरकतो, म्हणून त्याचा उजेड साठवता येतो. कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवत शटर उघडे ठेवले, की डोळ्यांना न दिसणारी शेपटीही उमटते. १८८२च्या महाधूमकेतूचे फोटो डेव्हिड गिल यांनी केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेत असेच घेतले. त्यांत मागचे तारे इतके उमटले, की दक्षिण आकाशातल्या ताऱ्यांची सूची फोटोंवरूनच करायचे ठरले. १८९२ मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांना तर फोटोच्या काचेवर नवा धूमकेतूच सापडला. फोटोतून लागलेला हा पहिला शोध. आपले वेणू बाप्पू हार्वर्डमध्ये शिकत होते, तेव्हा १९४९ मध्ये त्यांनाही धूमकेतू मिळाला तो फोटोच्या काचेवरच. बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने तो ओळखला जातो.

उल्का मात्र साठवता येत नाही. ती क्षणात पुढे जाते. शटर जास्त वेळ उघडे ठेवल्याने उल्का उजळत नाही, फक्त मागचे आकाश उजळते. म्हणून इथे रुंद कोनाची लेन्स हवी, तिचे छिद्र पूर्ण उघडे हवे, आयएसओ चढा हवा आणि पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहायला हवे. उल्केचा पहिला फोटो १८८५ मध्ये प्रागला लाडिस्लाउस वायनेक यांनी घेतला. ती उल्का बिएला या फुटलेल्या धूमकेतूच्या धुळीची होती.

माझे सांगणे एवढेच, की असा फोटो ही शोभेची वस्तू नाही, ती नोंद आहे. पन्नास-साठ किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांतून एकाच उल्केचा फोटो मिळाला, तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तिची जागा बदललेली दिसते आणि त्यावरून तिची उंची काढता येते. १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात अशाच फोटोंवरून प्रीब्रामजवळ पडलेल्या अशनीची, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केच्या दगडाची, सूर्याभोवतीची कक्षा काढली गेली. पडलेला दगड हातात आणि त्याची कक्षाही ठाऊक, असे तोवर कधी घडले नव्हते.

५-६ मेच्या सुमारास, पहाटे पूर्वेला, कुंभ राशीतून उल्का येतात. हॅलेच्या धूमकेतूची ती धूळ. १९८६ मध्ये येऊन गेलेला तो धूमकेतू आता २०६१ मध्ये परतेल. त्याची धूळ मात्र दरवर्षी भेटते. शहराच्या दिव्यांपासून दूर जा, कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा, एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस करा. कॅमेऱ्याचे घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घ्या आणि प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या मित्रालाही त्याच रात्री कॅमेरा लावायला सांगा.