आयर्लंडच्या जुन्या नाण्यांची पारख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु माझ्या धाकट्या दिरांनी आयर्लंडहून डबीभर जुनी नाणी आणली. ती पारखताना जे समजले ते थोडक्यात सांगते.

आयर्लंडमध्ये १९२२ साली स्वतंत्र राज्य आले आणि १९२८ साली त्यांची स्वतःची नाणी निघाली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कवी येट्स होते. नाण्यांवर राजाचा मुखवटा नाही. एका बाजूस हार्प हे वीणेसारखे वाद्य, दुसऱ्या बाजूस जनावरे. पेनीवर पिलांसह कोंबडी, शिलिंगवर बैल, दोन शिलिंगच्या फ्लोरिनवर सामन मासा, अडीच शिलिंगच्या हाफ क्राउनवर घोडा. म्हणजे चित्र पाहताच नाणे ओळखावे.

मग हार्पची बाजू पाहावी. १९३७ पर्यंत तेथे दोन लांब शब्द आहेत. १९३९ पासून चार अक्षरांचा एकच शब्द आहे. त्यानंतर साल वाचावे, कारण मोल त्यावर ठरते. शिलिंग १९४२ पर्यंत आणि फ्लोरिन व हाफ क्राउन १९४३ पर्यंत शंभरात पंच्याहत्तर भाग चांदीचे. हाफ क्राउन सुमारे १४ ग्रॅम भरते, म्हणजे साडेदहा ग्रॅम चांदी झाली. १९५१ पासून त्यांत चांदी मुळीच नाही. घोडा तोच, मोल निराळे!

जुने तेवढे महाग, ही समजूत खरी नव्हे. १९२८ ची पेनी सहज मिळते, १९४० ची मात्र कमी मिळते. १९४३ ची फ्लोरिन तर फारच दुर्मिळ, कारण बहुतेक वितळवली गेली. असे नाणे जाणकाराला दाखवल्यावाचून देऊ नये. झीज किती आहे, हेही मोल ठरवताना पाहतात.

एक सूचना विशेष करून आपणा गृहिणींसाठी. चिंचेने तांब्याची भांडी लखलखतात, पण नाण्याला चिंच, राख, लिंबू काही लावू नये. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

आपल्या घरच्या नाण्यांनाही हाच नियम लागू आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच चांदी आहे. त्याआधीच्यांत पुष्कळ जास्त. आजेसासूबाईंच्या पेटीतली नाणी आपण पुष्कळदा न पाहताच मोडीत देतो, आणि समोरचा सांगेल तो भाव घेतो. भगिनींनो, सालाचे आकडे वाचण्यापुरते शिक्षण आपणा साऱ्यांजवळ आहे. ते आधी वापरावे, मग भाव विचारावा, एवढेच माझे सांगणे.