आमचे कराटेचे सर

(विहाराच्या वर्धापन दिनी एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. समितीने सांगितले, "सरांबद्दल तू बोल," म्हणून उभा राहिलो आहे. सरांचे नाव मात्र मी घेणार नाही. ते असताना कोणी सत्काराचा विषय काढला की म्हणायचे, "माझं नाव कुठं लावू नका. सतरंजी जागेवर ठेवा, तेवढं पुरे." आज सर आपल्यात नाहीत, तरी त्यांचा शब्द पाळू या. आंबिवली-मोहोन्यात आम्ही पोरे नुसते 'सर' म्हणालो तरी घरच्यांना कळायचे.

तेव्हा मी सहावीत होतो. मोहोन्याची एनआरसी चालू होती. ती २००९ साली बंद पडली. वस्तीत बऱ्याच घरी बाप पाळीवर आणि पोरे गल्लीत, असा प्रकार होता. सरही एका कारखान्यात पाळी करायचे. रात्रपाळी करून आले की न झोपता सकाळी सहाला क्लास. आम्ही व्हिडिओवर 'एंटर द ड्रॅगन' बघून गेलो होतो. वाटले, पहिल्याच दिवशी उडी मारून लाथ शिकवतील. सरांनी हातात झाडू दिला! आधी हॉल झाडायचा, मग बाबासाहेबांना आणि तथागतांना वंदन, मग घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहायचे. पाय लटलटायचे. सर म्हणायचे, "थरथरू दे. पळू नको म्हणजे झालं."

विहारात कराटे सुरू झाले तेव्हा आपल्याच आयाबहिणींनी हरकत घेतली होती. माझी आई त्यात पुढे होती. "पंचशील घ्यायचं आणि त्याच जागेवर मारामारी शिकवायची?" प्रश्न बरोबरच होता. सरांनी वाद घातला नाही. सगळ्या बायांना बसवून आम्हा मुलांकडून पहिला काता करून घेतला. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. आमचा पहिला काता हेइआन शोदान. त्यात पहिल्यांदा डावीकडे वळून खालून येणारा वार अडवायचा असतो. सर म्हणाले, "बघा, सुरुवात अडवण्यापासून आहे. मारण्यापासून नाही." आई उठली ती चहा ठेवायलाच गेली.

सर आम्हाला गिचिन फुनाकोशी यांची गोष्ट सांगायचे. पुढे मी त्यांच्याविषयी वाचले आणि सर किती नेमके सांगत होते ते कळले. फुनाकोशी १८६८ साली जपानच्या ओकिनावा बेटावर जन्मले. लहानपणी अशक्त, पुढे शाळामास्तर. आझातो आणि इतोसु हे त्यांचे दोन गुरू. रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी जायचे आणि अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करायचा. गुरुजी ताठ बसून बघणार आणि म्हणणार, "पुन्हा." महिनोन्‌महिने तोच काता! तेक्की नावाचे तीन काते शिकायला त्यांना दहा वर्षे लागली. हा माणूस रात्रभर जातो कुठे, असा शेजाऱ्यांना संशय यायचा. आम्ही "सर, नवीन काता कधी?" असे विचारले की सर हीच गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पुन्हा."

१९२२ साली फुनाकोशी प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. वय पन्नाशीच्या पुढे, हातात पैसा नाही. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचे, तिथेच झाडलोट आणि राखण करायचे. जेवणाचे पैसे कमी पडत म्हणून तिथल्या स्वयंपाक्याला कराटे शिकवायचे. आज जगभर ज्यांचा फोटो लावून क्लास सुरू होतो, तो माणूस झाडू मारत होता. आमच्या हातात झाडू का आला ते मग समजले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. 'कराटे' शब्दातला 'करा' पूर्वी चीन देशाच्या अर्थाच्या अक्षराने लिहीत. फुनाकोशींनी त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर घेतले. त्याचा अर्थ रिकामा. कराटे म्हणजे रिकामा हात. हातात शस्त्र नाही एवढेच नाही, तर मनही द्वेषापासून, अहंकारापासून रिकामे. त्यांनी हा अर्थ बौद्ध धम्मातल्या शून्यतेशी जोडला. कामाकुरा येथे एंगाकुजी हा झेन विहार आहे. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि त्याच्या दगडावर, कराटेत पहिला वार आपला नसतो, या अर्थाचे वचन कोरलेले आहे.

बंधू-भगिनींनो, हे सर्व मला तोंडपाठ होते, तरीही मी पहिला वार केला. नववीत होतो. शाळेतून येताना एका मुलाने चिडवले. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा चष्मा फुटला, भुवईजवळ रक्त आले. दुसऱ्या दिवशी सरांनी माझा पट्टा सोडून स्वतःजवळ ठेवला. वर्षभर परीक्षेला बसू दिले नाही. माझ्या मागून आलेली पोरे पुढे गेली. माझे वडील तावातावाने सरांकडे गेले आणि गप्प होऊन परत आले. मला फक्त एवढेच म्हणाले, "त्या पोराच्या घरी जाऊन माफी माग." मी गेलो, पण सरांवरचा राग काही वर्षे मनात होता.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वडिलांनी पहिल्यांदा सांगितले. त्या मुलाचा नवा चष्मा सरांनी पगारातून करून दिला होता. वडील पैसे द्यायला लागले तेव्हा सर म्हणाले, "पैशानं मिटवू नका, पोराला जाऊ द्या." मला ते कळू द्यायचे नाही, असेही बजावले होते. त्या दिवशी मी हॉलच्या मागे जाऊन रडलो, हे आज सगळ्यांसमोर सांगतो.

आमची एक ताई इथे बसली आहे. सरांच्या क्लासमधली ती पहिली मुलगी. आज नर्स आहे. रात्री उशिराच्या कसारा लोकलने उतरून एकटी घरी येते. मी विचारले, "ताई, कधी हात उचलावा लागला का?" ती म्हणाली, "नाही रे. पण मान खाली घालून कधी चालले नाही." सरांनी काय शिकवले, याचे यापेक्षा चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

कराटे ऑलिंपिकमध्ये आले. २०२१ साली टोकियोत त्याच्या स्पर्धा झाल्या, २०२४ ला पॅरिसमध्ये मात्र ते नव्हते. पदक मिळो न मिळो, आपल्या वस्तीला क्लास हवा आहे. सर गेल्यापासून तो बंद आहे. आम्ही जुने विद्यार्थी पाळी लावून शिकवायला तयार आहोत. समितीने आठवड्यातून दोन संध्याकाळी हॉल द्यावा आणि आयांनी मुलांच्या आधी मुलींची नावे द्यावीत, ही नम्र विनंती.

झाडू आम्ही आणू. सतरंजी कुठे ठेवायची ते आम्हाला माहीत आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!