जखम कुठे झाली ते लिहा

आज पत्रकारितेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमचं सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचंही. फी कुणी भरली आणि रात्री उशिरा दार कुणी उघडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

‘माध्यमांचं भविष्य’ असा विषय मला सुचवला होता. पण मी ३१ वर्षं गुन्हेवार्ता केली. मला घडून गेलेल्या गोष्टीच सांगता येतात.

१९८६ साली मी पुण्यात एका दैनिकात लागले, तेव्हा बाईमाणसाला क्राइम बीट देत नसत. मला पुरवणीत बसवलं. दीड वर्ष मी पाककृतींची प्रुफं तपासली. मग एका रात्री क्राइम रिपोर्टर तापाने पडले आणि दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून मला सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात पाठवलं. तो वास पुढे अनेक वर्षं माझ्या कपड्यांना होता. त्या वॉर्डातल्या बायकांची बातमी ठरलेली असे, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. चार ओळी, आतल्या पानावर, सोन्याचांदीच्या भावांशेजारी. ती किती टक्के भाजली ते नाही. मृत्युपूर्व जबाबात काय म्हणाली ते नाही. सगळा दोष स्टोव्हचा.

ही भाषा आपोआप बदलली नाही. बायका मोर्चे काढून रस्त्यावर आल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. १९८३ साली भारतीय दंड संहितेत सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ हे कलम आलं. मग संपादकांकडे पत्रं येऊ लागली, डेस्कवर वाद होऊ लागले, आणि हळूहळू चार ओळींच्या चौदा झाल्या. मी ते होताना पाहिलं आहे. म्हणून ‘वाचकांना असंच लागतं’ हे वाक्य कुणी उच्चारलं की मला पटत नाही. वाचकाला काय लागतं ते आपण ठरवतो आणि नाव वाचकाचं घेतो.

आता जे सांगायला मी आज उभी आहे, ते सांगते.

१९९१चा पावसाळा. एका पोलीस चौकीत मी रात्रीची फेरी मारायला गेले होते. बाकड्यावर एक गृहस्थ बसले होते. कारखान्यात टर्नर, वय ४१. मानेला ओलं फडकं धरलेलं, शर्टाची वरची बटणं उघडी. बायकोने कढईतलं तेल फेकलं होतं. हवालदार हसत होते. एक जण म्हणाला, ‘वहिनींनी भजी तळायला घेतली होती वाटतं.’ मीही हसले. ऑफिसात येऊन रात्रपाळीच्या उपसंपादकांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘चौकट करा, पानाला जरा हलकंफुलकं हवंय.’ मी पंधरा मिनिटांत लिहून दिलं. हेडिंग होतं, ‘नवरोबाला कढईतला प्रसाद’. शेजारी लाटणं घेतलेल्या बायकोचं व्यंगचित्र. ते आमच्याकडे तयारच असे.

हेडिंग डेस्क देतं आणि शिव्या बातमीदार खातो, अशी आमच्या धंद्यातली जुनी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. माझ्या कितीतरी बातम्यांची हेडिंगं मी सकाळी पेपरात पाहिली आणि मान खाली घातली. स्ट्रिंगरला तर अजून सेंटिमीटरवर पैसे मिळतात, त्याला हेडिंगबद्दल कोण विचारणार? पण हे हेडिंग माझं होतं. ‘प्रसाद’ हा शब्द माझा होता.

आठवडा-दीड आठवड्याने ते गृहस्थ ऑफिसात आले. मानेवरची कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती. खिशातून त्यांनी ते कात्रण काढलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी ते भिंतीला चिकटवलं होतं आणि त्यांनी ते नखाने खरवडून काढून आणलं होतं. मागे वाळलेल्या खळीचा पापुद्रा, त्यावर भिंतीचा निळसर चुना. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘बाई, तुम्ही कढई लिहिलीत, तेल लिहिलंत. मला भाजलं कुठे ते नाही लिहिलं.’ मी दुरुस्ती छापते म्हटलं. संपादक म्हणाले, चौकटीची कसली दुरुस्ती?

पुढे कायदा नीट वाचला तेव्हा कळलं, की दंड संहितेच्या कलम ३२४मध्ये तापलेल्या पदार्थाने केलेल्या दुखापतीचा स्पष्ट उल्लेख होता. दखलपात्र गुन्हा. चौकीत मात्र साध्या मारहाणीची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून त्यांना घरी पाठवलं होतं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ११८ झालं, शब्द तेच आहेत. चौकीत कुणाला ते आठवलं नाही, कारण मार खाणारा नवरा होता. आणि चौकीला जे दिसलं नाही ते मलाही दिसलं नाही. मी तर बाई होते, जळीत वॉर्डातून आलेली.

त्यांच्या बायकोशी मी बोललेच नाही. ती का पेटली, घरात काय चाललं होतं, मी विचारलं नाही. एका माणसाची जखम गिळून मी एका बाईचं व्यंगचित्र केलं.

आकडे तुम्ही शोधालच, पण मीच सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याचा कुणी गैरवापर करायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. पती मारत नसताना आपण हात उगारला, असं सांगणाऱ्या ४ टक्क्यांच्या आसपास. हे दोन आकडे सारखे नाहीत आणि सारखे आहेत असं भासवणारा माणूस खोटं बोलतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा स्त्रियांसाठी आहे, आणि तो तसाच राहावा असं माझं मत आहे. पण त्याच सर्वेक्षणात पुरुषांना ‘तुम्हाला घरात मार बसतो का’ हा प्रश्नच विचारलेला नाही. ४ टक्के म्हणजेसुद्धा या देशात लाखो घरं. त्या घरांची बातमी आपण कशी करतो?

छत्रपती संभाजीनगरजवळ पत्नीपीडित पुरुषांचा एक आश्रम आहे. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिथले पुरुष पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात, हीच बायको पुन्हा नको म्हणून. दरवर्षी फोटो येतो, दरवर्षी तेच हेडिंग फिरवून. त्यांतल्या एकालाही बाजूला बसवून ‘तुमच्या घरी काय झालं?’ असं विचारून, मग बायकोकडे जाऊन, कोर्टाची कागदपत्रं पाहून केलेली बातमी मला आजवर वाचायला मिळालेली नाही. त्यांतला एखादा पोटगी चुकवून आलेला असेल. एखाद्याचा हात खरोखर मोडलेला असेल. ते तपासणं हेच तर आपलं काम.

आणि बाईच्या हातून खून झाला की हीच माध्यमं एका रात्रीत उलटी होतात. मार्च २०२५मध्ये मेरठला एका तरुणाचा मृतदेह निळ्या ड्रममध्ये सिमेंट ओतून ठेवलेला सापडला. पत्नी आणि तिचा मित्र आरोपी. पाहता पाहता ड्रमवर रील्स आली, गाणी आली, लग्नात नवरदेवाला निळा ड्रम भेट दिल्याचे व्हिडिओ चॅनेलनी चवीने दाखवले. ‘कलियुगातल्या बायका’ म्हणून चर्चासत्रं झाली. नवऱ्याने बायकोचा खून केला तर त्यावरून सगळ्या नवऱ्यांची चर्चा कुठलं चॅनेल करतं? बाईने एक थप्पड मारली की विनोद, रस्त्यात मारली तर ‘रणरागिणी’, आणि जीव घेतला की राक्षसीण. ती माणूस म्हणून कधीच येत नाही. ज्याला लागलं तो तर तिन्ही ठिकाणी गायब.

२००८ साली नारी समता मंचाने पुण्यात पुरुष संवाद केंद्र सुरू केलं, पुरुषांना बोलायला जागा हवी म्हणून. विद्याताईंनी आयुष्यभर बायकांसाठी काम केलं, आणि हेही त्यांच्याच संस्थेने केलं. एकाचं दुःख ऐकल्याने दुसऱ्याचं कमी होतं असं त्यांना कधी वाटलं नाही.

माझं तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं आहे. बातमीत बाई असो की पुरुष, जखम कुठे झाली ते लिहा. किती खोल, किती टाके, किती दिवस उपचार. डॉक्टरांचा दाखला बघा, मग लिहायला बसा. डेस्कने ती ओळ कापली तर भांडा. पहिल्या नोकरीत भांडणं अवघड असतं हे मला माहीत आहे, तरी भांडा.

ते कात्रण माझ्याकडे आहे. ते गृहस्थ जाताना टेबलावर ठेवून गेले. १९९१च्या पावसाळ्यात जी बातमी छापायला हवी होती, ती आज तुमच्यासमोर वाचते:

‘पत्नीने अंगावर उकळते तेल फेकल्याने एक ४१ वर्षीय कामगार जखमी झाला. त्याचा उजवा कान, मान व खांदा भाजला आहे. सरकारी दवाखान्यात त्याच्यावर उपचार करण्यात आले. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येते. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली आहे.’