ऊन, कातडी आणि आकडे

शंभर वस्तीच्या गावात पाच माणसे आजारी पडली आणि हजार वस्तीच्या गावात दहा, तर आजार कोठे अधिक? दहा हा आकडा मोठा, म्हणून कोणी मोठ्या गावाकडे बोट दाखवील. पण शेकडेवारी काढली की लहान गावात पाच टक्के आणि मोठ्या गावात एकच. रोगाचा चढउतार पाहायचा तो अशा प्रमाणावरून. ऑस्ट्रेलियातील त्वचेच्या कर्करोगाकडे आज आपण याच नजरेने पाहू.

तेथील बहुसंख्य लोकांचे पूर्वज ब्रिटन-आयर्लंडसारख्या कमी उन्हाच्या देशांतून आलेले. कातडी गोरी, ऊन मात्र कडक. उन्हातील जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांना अडवणारे काळे रंगद्रव्य त्यांच्या कातडीत थोडे. त्यातच विसाव्या शतकात समुद्रकाठी उघड्या अंगाने पडून राहण्याची आवड वाढली. आज तेथे सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी सुमारे दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. त्यातले बहुतेक वेळीच काढून टाकले की बरे होतात. घातक तो मेलॅनोमा. १९८२ साली लाखामागे सुमारे २७ जणांना तो होई. पुढे हे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले.

गंमत अशी, की १९८१ सालीच तेथे मोठी मोहीम सुरू झाली होती. जाहिरातीतला एक समुद्रपक्षी गाऊन सांगे : सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा. शाळांनी नियम केला, टोपी नाही तर खेळ नाही. मग मोहीम फसली म्हणायची का?

नाही. येथे वयाप्रमाणे आकडे वेगळे काढावे लागतात. चाळिशीच्या आतल्यांत मेलॅनोमाचे प्रमाण उतरू लागले आहे; वाढ आहे ती म्हाताऱ्यांत. लहानपणी सोसलेल्या उन्हाचे पीक तीस-चाळीस वर्षांनी हाती येते. आजचे म्हातारे टोपीच्या नियमाआधी वाढले. शिवाय तपासणी वाढली, त्यामुळे पूर्वी नजरेतून सुटणारे रोगीही आता मोजले जातात. शिक्षकांनी शाळेत लावलेल्या सवयीचे फळ पाहायला एक पिढी थांबावे लागते, ते असे.

आपल्याकडे काय? मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. आपल्या लोकांत मेलॅनोमा फार कमी. सावळा रंग हे आपले जन्माचे छत्रच. म्हणून ऑस्ट्रेलियाची धास्ती येथे आणण्याचे कारण नाही.

पण छत्र्यालाही भोक असते. सावळ्या माणसाला मेलॅनोमा होतो तो पुष्कळदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, जेथे उन्हाचा संबंध फारसा नसतो. काटा रुतला असेल, ढेकूळ लागले असेल, म्हणून माणूस हळद लावून महिने काढतो, आणि तोवर रोग पसरतो. जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम झाली, तर तीही कर्करोगाची असू शकते.

तेव्हा अंघोळ करताना अधूनमधून तळपाय पाहा. नवा काळा डाग वाढत असेल, नखात काळी रेघ रुंदावत असेल, जखम महिनाभरात भरत नसेल, तर सरकारी दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही.