जात्यावर सापडलेली वाचा

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. १३व्या-१४व्या शतकात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या या बाईनं विठ्ठलाला थेट अरे-तुरे केलं, ती त्याच्यावर रागावली, त्याच्याशी भांडलीसुद्धा.

हाच मोकळेपणा जात्यावरच्या ओव्यांतही आहे. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट... चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती, ते बायका ओवीच्या चालीत बिनदिक्कत बोलल्या. आधी सूर मिळाला, मग मनातलं दुःख मांडता आलं. अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूनं महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत परभणीतल्या ताडकळसच्याही आहेत.

गिरणी आली, जातं थांबलं आणि ओव्याही मागे पडल्या.

घरात ओव्या येणारी आजी असेल, तर तिच्या आवाजात त्या आजच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.