पत्र आलं की जा, आणि घरी फोन करा

मेडनहेडहून आज तुमच्याशी डोळ्यांबद्दल बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस. पण गेली सहा वर्षं मला शुगर आहे, म्हणून हा विषय माझ्या घरचा आहे.

मधुमेहाचं निदान झालं की इथे एनएचएसकडून डोळ्यांच्या तपासणीचं पत्र येतं. माझं पहिलं पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकलं. रोज लंडनला जायचं, मीटिंगा संपत नाहीत, आणि मला तर लांबच्या गाडीची नंबरप्लेटही नीट वाचता येत होती! दुसरं पत्र आलं तेव्हा बायको म्हणाली, "नीट दिसतंय म्हणजे डोळे चांगले आहेत, हे तुला कोणी सांगितलं?" गेलो. फोटोत पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. मला त्यांचा पत्ताही नव्हता.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूचा पातळ थर. त्यात अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, फुगतात, झिरपू लागतात. पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्त उतरू शकतं. बीपी वाढलेलं असेल तर वाहिन्या अरुंद होतात. एखादी शीर तुंबली, तर एका डोळ्याची नजर अचानक अंधुक होते, तीही न दुखता. वयाप्रमाणे पडद्याचा मधला भाग झिजतो. मग सरळ रेषा वाकड्या दिसतात, समोरचा चेहरा पुसट होतो, कडेचं मात्र दिसत राहतं. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त.

इंग्लंडमध्ये 12 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीला ही तपासणी मोफत आहे. डोळ्यात थेंब घालतात, बाहुली मोठी होते, पडद्याचे फोटो काढतात. धोका कमी असेल तर दोन वर्षांनी बोलावतात, नाहीतर वर्षाने किंवा त्याआधी. थेंबांनंतर काही तास गाडी चालवायची नाही, म्हणून कोणाला तरी सोबत न्या, गॉगलही ठेवा. आणि ऑप्टिशियनकडे चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं समजू नका. दोन्ही करा.

याचा उपयोग होतो का? इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण अनेक दशकं मधुमेह हेच होतं. 2009-10 च्या नोंदींत ते पहिल्या क्रमांकावरून खाली आलं. यामागे देशभर सुरू झालेली ही तपासणी आणि साखरेवरचं चांगलं नियंत्रण असावं, असं अभ्यासकांनी म्हटलं.

आता खरा मुद्दा. आपल्या आईबाबांना असं पत्र कोण पाठवतं?

माझे बाबा सांगलीला असतात. पंधरा वर्षं मधुमेह. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. पण मोतीबिंदू भिंगाचा असतो, पडदा त्याच्या मागे. भिंग बदललं म्हणून पडदा सुधारत नाही. माझे ठिपके दिसल्यावर मी फोनवर विचारलं, "बाबा, पडदा कधी दाखवलात?" ते म्हणाले, "तो काय वेगळा असतो?" तपासणीत एका डोळ्याच्या पडद्याला सूज निघाली. आता इंजेक्शनं चालू आहेत. पेपर मोठ्या अक्षरांचाच वाचतात, पण वाचतात. लवकर कळलं असतं तर जास्त वाचली असती नजर, हे मला बोचतं.

म्हणून या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवणखाण विचारून झाल्यावर तीन गोष्टी विचारा. शेवटची शुगर आणि बीपी किती? थेंब घालून पडदा शेवटचा कधी तपासला? एक डोळा झाकून खिडकीचे गज पाहिले तर ते सरळ दिसतात का? मग दुसऱ्या डोळ्याने तसंच. ते इकडे सहा महिने राहायला येणार असतील तर निघण्याआधीच तपासणी करून घ्या.

आणि एक. अचानक डोळ्यापुढे प्रकाश चमकला, खूप काळे ठिपके तरंगू लागले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी ऑप्टिशियनला किंवा 111 ला फोन करा.

ज्यांच्या ड्रॉवरमध्ये पत्र पडलं आहे त्यांनी ते आजच बाहेर काढा. काळजी घ्या मंडळी. नमस्कार.